बोलाया येत नाय

नोकरीच्या काळात एक वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा माझं नावही कुणी घेतलं नसेल. "सायेब, रेंज फुल हाय, पन चालत काय नाय." महाडच्या बाजारपेठेत ऐकलं, वरंधच्या चहाच्या टपरीवर ऐकलं, आणि मामा गेले तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाला जेवत असताना एका दूरच्या भावानं माझ्या पानावर फोन धरून तेच ऐकवलं. मी मोबाइल कंपनीच्या कामावर आहे एवढं कळलं की लोक डॉक्टरपुढे जीभ काढावी तसा फोन पुढे करायचे. मी बघायचो. रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या असायच्या. मग मी म्हणायचो, "गर्दी आहे." त्यावर तो माणूस आधी रिकाम्या रस्त्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. आता कुणी फोन पुढे केला तर चष्मा घरी राहिला म्हणून सांगतो.

काम काय होतं ते आधी सांगतो, कारण माझ्या बायकोलाही ते समजायला बरीच वर्षं लागली, आणि ती शिक्षिका आहे. टॉवर उभारणारे वेगळे, त्यावर चढणारे वेगळे. मला उंचीची भीती वाटते, त्यामुळे चढणाऱ्यांना मी कायम अहो-जाहो करत आलो. टॉवर उभा राहिला की त्यावरच्या अँटेना कुठल्या दिशेला बघतात, किती वाकून बघतात, आणि त्यांच्या पुढ्यातले लोक सुखात आहेत की शिव्या देतायत, हे पाहणं माझं काम. गाडीत चार-चार फोन लावून घाटातून हिंडायचं, मोजमाप घ्यायचं, मग लॅपटॉपवर नकाशा रंगवायचा. हिरवं म्हणजे बरं, तांबडं म्हणजे माझी हजेरी. महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके माझ्याकडे होते. ही यंत्रं बनवणाऱ्यांनी सगळी जमीन सपाट धरलेली असते. त्यांचं आणि आमच्या डोंगरांचं भांडण मिटवण्यात माझं आयुष्य गेलं.

माझं घर चवदार तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर. मार्चमध्ये तळ्यावर कुठून कुठून माणसं येतात, आमच्या गल्ल्या निळ्या होऊन जातात. वडील होते तोवर दर वर्षी त्या दिवशी मंडपातला माईक त्यांच्याकडे असायचा. चुकामूक झालेल्यांची नावं पुकारायची. "परभणीहून आलेल्या शांताबाई, आपले यजमान पाण्याच्या टाकीजवळ उभे आहेत." मोबाइल आले तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "दादा, आता तुमचा माईक बंद." पुढच्या मार्चमध्ये बघतो तर माईकपुढची रांग दुप्पट. प्रत्येकाच्या हातात फोन, फोनवर रेंज भरलेली, आणि कुणाचा कुणाला लागत नाही. वडिलांनी माईकवर हात ठेवला आणि मला विचारलं, "काय रे, कुणाचा बंद?" रेंज असणं वेगळं आणि सगळ्यांना पुरेल इतकी जागा असणं वेगळं, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकलो नाही. त्या माईकपाशी शिकलो.

जुन्या अँटेनाचं असं असतं की पंगत मोठी आणि वाढपी एकच. गावात माणसं थोडी असतात तेव्हा तो क्षणाक्षणाला तुमच्या पानाशी येतो. पंगत भरली की तोच वाढपी, तेवढीच आमटी, आणि तुमची पाळी येईपर्यंत भात सुकलेला. मग ती नवी अँटेना आली. आमच्या धंद्यात त्या प्रकाराला बीमफॉर्मिंग म्हणतात. दिसायला एक चपटा, जाडजूड डबा. आत चौसष्ट छोट्या अँटेना. त्या एकच लहर किंचित मागेपुढे करून सोडतात. एका दिशेला त्या लहरी एकमेकींत मिळून जोर धरतात, बाकीच्या दिशांना एकमेकींना मारून टाकतात. म्हणजे सिग्नल सगळीकडे सांडत नाही, ज्याला हवा त्याच्याच दिशेनं झोतासारखा जातो. असे अनेक झोत एकाच वेळी निघतात. आमटी तेवढीच, पण वाढपी दहा, आणि प्रत्येकाची ओळ वेगळी. यात एक मेख आहे. माणसं वेगवेगळ्या ओळींत बसलेली हवीत. एकाच पानावर चार वाढपी वाकले तर डोकी आपटतात. ही मेख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि झोत कुठे सोडायचा हे तिला कसं कळतं? ती आधी ऐकते. प्रत्येक फोन एक ठरलेली खूण वर पाठवत असतो. ती त्या चौसष्ट कानांवर कणभर वेगवेगळी येऊन पडते, आणि त्या फरकावरून माणूस कुठे बसलाय ते अँटेना ताडते. आधी ऐकायचं, मग बोलायचं. नव्या इंजिनिअरांना मी हे फार तब्येतीनं शिकवायचो. स्वतः पाळलं नाही, त्याचीच ही गोष्ट आहे.

माणसांची आणि गावाची नावं बदलली आहेत. गावाला आंबेकोंड म्हणू. पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या अंगावर पायऱ्या-पायऱ्यांनी बसलेलं. तळाला देऊळ, मधे घरं, सगळ्यांत वर तीन-चार घरांचा वरचा कोंड. आमचा टॉवर समोरच्या रस्त्याकडेला, खालीच. अँटेना नेहमी थोडी वाकून बघते, त्याला आम्ही टिल्ट म्हणतो. ती खालच्या रस्त्याकडे बघायची. आंबेकोंडचं देऊळ तिच्या नजरेत होतं, वरचा कोंड डोक्यावरून निसटायचा. पाचाडच्या एका खाणावळवाल्या काकूंनी याच प्रकारावर मला एकदा झापलं होतं. "गडावर फिराया येनाऱ्यांना रेंज, आनि गडाखाली भाकऱ्या थापनारीला नाय? तुमच्या त्या अँटेन्याला जरा मान खाली घालाया सांगा की!" तिथल्या अँटेनाची मान मी खाली घातली. आंबेकोंडाला वर करायला हवी होती, पण वर केली तर रस्ता सुटला असता. आणि वर्षभर आंबेकोंडात असतात तरी किती माणसं? कर्ते सगळे मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला मात्र चाकरमानी परततात, घरागणिक दहा-दहा फोन वाढतात, आणि एकुलता एक वाढपी घामाघूम होतो. अशा वेळी यंत्रणा साध्या कॉलला आधी जागा देते, कारण आवाजाला फार काही लागत नाही. व्हिडिओला उरलंसुरलं.

तर गणपतीतली गोष्ट. माझ्या यादीत तक्रार आली. 'आंबेकोंड. ग्राहकास बोलता येत नाही.' मी नंबर फिरवला. एका म्हाताऱ्या माणसानं उचलला.

"हां, कोन?"

"टॉवरच्या ऑफिसातून बोलतोय. बोलता येत नाही अशी तुमची तक्रार आहे."

"व्हय. बोलाया येत नाय."

"आता बोलतोय की आपण."

"मी बोलतोय. सुनेला बोलाया येत नाय. फोन तिचा हाय."

"त्यांना पलीकडचा आवाज येतो का?"

"नाय ना सायेब. तिला ऐकायाच येत नाय."

झालं माझं निदान. 'हँडसेटचा स्पीकर खराब. ग्राहकास हँडसेट बदलण्याचा सल्ला दिला.' तक्रार बंद. चार दिवसांनी तीच तक्रार पुन्हा आली. त्या गणपतीत माझ्या यादीत असल्या तक्रारींचा ढीग होता, आणि माझा स्वभाव मुळात तिरका. बायको म्हणते, तुम्हाला जन्मतःच दोन अंशांचा टिल्ट आहे. मी आवाज चढवून म्हणालो, "आबा, फोन दुकानात दाखवा. टॉवरला कशाला दोष देता?"

पलीकडून ते म्हणाले, "बरं." एवढंच. त्या 'बरं'नं पुढे मला फार छळलं.

गणपती उलटल्यावर मी त्या टॉवरच्या कामाला गेलो होतो. एक वयस्क गृहस्थ कुंपणाबाहेर दगडावर येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझं काम संपेपर्यंत तसेच बसून राहिले. मी बाहेर आलो तेव्हा उठले.

"मी धोंडू मोरे, आंबेकोंडचा. फोन बदला म्हनालेले त्ये तुमीच का?"

मी हो म्हणालो. त्यांनी पिशवीतून फोन काढला. नवाकोरा. "बदलला. तरी बोलाया येत नाय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा दिनेश आणि सून मंगल, दोघंही जन्मापासून ऐकू न येणारी. दिनेश मुंबईकडे एका कारखान्यात पॅकिंगला. रोज संध्याकाळी सात वाजता आणि दुपारी चारच्या चहाच्या सुट्टीत दोघं व्हिडिओवर बोलतात. हातांनी. आबा 'बोलतात' असंच म्हणत होते, कारण त्यांच्या घरात त्यालाच बोलणं म्हणतात. त्यांनी तक्रारीत खरं तेच सांगितलं होतं. बोलाया येत नाय. ऐकायाच येत नाय. दोन्ही वाक्यं अगदी सरळ होती.

"मंग गौरीच्या दिवशी काय झालं," आबा सांगू लागले, "ही त्याला सांगत व्हती, जेवले, पोट भरलं. असा हात पोटावर. आनि तसंच चित्र अडाकलं. डोळं अर्धं मिटल्यालं. ही पाचव्या म्हयन्यात, सायेब. त्याला वाटलं, पोटात दुखतंय. पोराला काय झालं. पुन्हा पुन्हा फोन लावतोय, लागत नाय. मेसेज टाकला तो बी पोचला नाय. काम टाकून निघाला, दुसऱ्या दिशी सकाळी दारात हुभा. ही भाकऱ्या भाजत व्हती."

"मग?"

"मंग काय. दोघं हसली, दोघं रडली. पन मालक हसला नाय. शिमग्याला बी असाच न सांगता पळून आलेला. आता म्हनतोय, परत असा गेलास तर इकडं येऊ नको. सहा वर्सं दारोदार हिंडून ही नोकरी मिळाली, सायेब. तिथला मुकादम त्याच्यासाठी हातानं बोलाया शिकलाय, नेमका त्या दिशी तो रजेवर, नायतर त्यानं मला फोन करून इचारलं असतं. ती सुटली तर त्याला पुन्हा कोन ठेवंल?"

नोकरीभर कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली. मी म्हणालो, "आबा, चूक माझी आहे. मी ऐकलंच नाही." ते म्हणाले, "तुमाला तरी कसं कळनार, फोनवर." माणसं अशी चांगली वागली की जास्त टोचतं.

मी त्यांच्याबरोबर वर गेलो. मंगल दारातच होती. आबांनी मी कोण ते तिला हातानं सांगितलं. ती माझ्याकडे बघून खुदकन हसली, मूठ कानाला लावली आणि मान हलवली. आबांनाही हसू फुटलं.

"काय म्हणाल्या?"

"तुमचं नाव ठेवलंय त्या दोघांनी. 'फोन कानाला लावनारा'. त्यांच्यात नाव बोलाया येत नाय ना, मंग ज्याची जी खोड त्ये त्याचं नाव."

मंगलनं चहा ठेवला. मी आपलं विचारलं, लिहून नाही का बोलता येत? ती आबांमार्फत म्हणाली, दोघांनाही लिहिता येतं, थोडं अडखळत. 'जेवलास का' लिहून विचारता येतं. पण लिहून रुसता येत नाही. मी दाराबाहेर जाऊन मोजमाप घेऊ लागलो.

नव्या अँटेना तेव्हा फक्त शहरांना मिळत. महाडला मिळाल्या होत्या, आणि फाइव्ह जी आल्यावर त्यातली एक उतरवून गोदामात ठेवली होती. चांगली होती, फक्त एक पिढी जुनी. ती आंबेकोंडासमोर लावू द्या म्हणून मी पुण्याच्या ऑफिसला लिहिलं. उत्तर आलं, त्या टॉवरची सरासरी उत्तम आहे, गरज दिसत नाही. सरासरी उत्तम असणारच. अकरा महिने ओस आणि एक महिना कोंबलेलं, याची सरासरी कायम उत्तमच येते.

मग मी एक गोष्ट केली, जी आमच्याकडे कुणी करत नाही. मी स्वतः बंद केलेल्या दोन्ही तक्रारी पुन्हा उघडल्या. त्यानं वर्षअखेरच्या मूल्यमापनात आपलीच वाट लागते. पण खाली लिहिलं : 'ग्राहक व तिचे पती दोघेही कर्णबधिर. त्यांचे बोलणे म्हणजे व्हिडिओ. दोष हँडसेटचा नव्हता. तक्रार मी न ऐकता बंद केली.' दोन दिवसांनी पुण्याच्या साहेबांचा फोन आला. माझ्याहून वयानं लहान, पण माणूस सरळ. मी लिहिलेला शेरा त्यांनी मलाच वाचून दाखवला. मग म्हणाले, "अँटेना घेऊन जा. शिमग्याच्या आत लावा."

लावली. तरी वरचा कोंड तांबडाच. कारखान्यातून त्या डब्यात जी सेटिंग येते ती झोत आडवे पसरवते, उभे नाही. सपाट जमीन! त्यातच दुसरी एक सेटिंग असते, मोठ्या शहरांतल्या उंच इमारतींसाठी. ती झोतांना वरखाली फिरू देते. मी ती मागितली. पुन्हा साहेबांचा फोन.

"गायकवाड, पोलादपूरला उंच इमारतींची सेटिंग?"

"हो सर."

"पोलादपूरला किती मजल्यांची इमारत आहे?"

"वीस-बावीस मजल्यांची असेल, सर."

"कुठे?"

"आंबेकोंडात. फक्त मजले एकावर एक नाहीत, एकामागे एक आहेत. तळमजल्यावर देऊळ, सगळ्यांत वर मंगल मोरे."

साहेब हसले ते मला ऐकू आलं. "फोटो पाठवा," म्हणाले. मी समोरच्या डोंगराचा फोटो पाठवला. तासाभरात सेटिंग बदलली. त्या दिवशी साडेसातला आबांचा फोन आला. "सायेब, बोलत्यात. मघाधरनं बोलत्यात. आता थांबा म्हनलं तरी थांबत नायत."

मंगलला मुलगी झाली. बाळंतपणाला दिनेश रीतसर रजा घेऊन आला, आणि त्याची सगळी रजा तिथेच संपली. म्हणजे शिमग्याला त्याला येता येणार नव्हतं. शिमग्याला देवाची पालखी आधी सहाणेवर, देवळासमोरच्या चौथऱ्यावर बसते आणि मग घरोघर जाते. नव्या बाळाला घरच्यांनी पालखीच्या पायाशी ठेवायचं, ही तिथली रीत. बापानं ते बघायचं होतं. आबांनी मानकऱ्यांना गळ घातली, पालखी वरच्या कोंडात चारला आणा, माझ्या दिनूची तेव्हा चहाची सुट्टी असते. पालखी घड्याळावर चालत नाही, पण मानकऱ्यांनी मान डोलवली. आणि मला आबा एवढंच म्हणाले, "आता चित्र अडाकलं तर तो पळून येनार, सायेब. मी वळखतो त्याला."

मी पालखीपुढे हात जोडणाऱ्यांतला नाही. पण त्या दिवशी साडेतीनपासून मी टॉवरखाली गाडीत लॅपटॉप मांडून बसलो होतो. माझ्या पडद्यावर माणसं दिसत नाहीत, नावंही दिसत नाहीत, दिसूही नयेत. कुठल्या दिशेला, किती उंचावर, किती काम चाललंय एवढंच दिसतं. तळाला सहाणेवर भली मोठी गर्दी. सगळे चाकरमानी फोन वर धरून पालखी मुंबईला दाखवत असणार. वरच्या टोकाला एकच बारीक झोत, स्वच्छ. मंगल. चारला वीस मिनिटं कमी होती, ती आधीच फोन उघडून बसली असणार. मी स्वतःवर खूश झालो.

आणि मग तळाची गर्दी हलली. वर सरकू लागली. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पालखी वर जाणार म्हणजे गर्दीही वर जाणार! सगळे फोन मंगलच्या अंगणात, तिच्याच ओळीत. एका पानावर शंभर वाढपी. इतके महिने खपून मी सगळं मोजलं होतं, फक्त पालखीबरोबर गाव चालतं हे मोजलं नव्हतं. महाडचा माणूस, आयुष्यभर गर्दी बघितलेला, आणि हे विसरलो.

मी फोन कानाला लावला. साधा कॉल, तो लागला, पण ढोलाच्या आवाजात आबांनी उचलला तोवर चार वाजत आले होते. मागे ढोल धडाडत होता.

"आबा, ऐका. मंगलला तिथून बाजूला काढा. पलीकडच्या बांधावर न्या. गर्दीत तिचं चित्र अडकणार."

"अहो, देव दारात आलाय! आनि सून बांधावर कशी जाईल? तिनं ओवाळाया पायजे, पोरीला पायाशी ठेवाया पायजे."

बरोबर होतं त्यांचं. माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. पडद्यावर वरचा झोत जाड होत चालला होता. मी म्हणालो, "आबा, मग माझ्या हातात काही नाही. एवढे फोन एका जागी आले की यंत्र हरतं."

"फोनामुळं व्हय?"

"फोनांमुळेच."

"थांबा," आबा म्हणाले. त्यांनी फोन बंद केला नाही. बहुधा खिशात टाकला, कारण पुढचं सगळं मला कापडाआडून आल्यासारखं ऐकू आलं. आधी ढोल थांबला. मग आबांचा आवाज, एवढ्या वर्षांच्या माणसाचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"ए मंडळी! समद्यांनी फोन खिशात घाला! बंद करून घाला! माझा दिनू देवाच्या भेटीला आलाय, त्याला वाट द्या!"

कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाली, "घाला गो, घाला. आपल्या दिनूचं हाय." मग माझ्या पडद्यावर तो जाड पट्टा विरत गेला. एक फोन गेला, दोन गेले, पाच गेले. चाकरमान्यांनी मुंबईला दाखवायची पालखी दाखवली नाही. शेवटी डोंगराच्या माथ्यावर पुन्हा एकच बारीक झोत उरला, आणि त्यातून चित्र दोन्ही बाजूंनी वाहत होतं.

ढोल पुन्हा सुरू झाला. एक तान्हं बाळ रडलं, लोकांनी एकदम आरोळी दिली. मंगलला आणि दिनेशला ढोल ऐकू येत नव्हता आणि मला पालखी दिसत नव्हती. त्या दोघांनी सोहळा डोळ्यांनी घेतला, मी खाली बसून कानांनी घेतला. सुट्टी वीस मिनिटांची होती. वीस मिनिटं तो झोत एकदाही तुटला नाही. मी गाडीच्या काचा वर केल्या आणि रडून घेतलं.

दिनेश तेव्हा पळून आला नाही, नंतरही नाही. नोकरी टिकली आहे. त्या अँटेनाचं श्रेय मला कंपनीनं एका पत्रानं दिलं. ते पत्र मी जपून ठेवलं आहे, पण त्यात वरच्या कोंडाच्या अंगणातल्या माणसांचा उल्लेख नाही, म्हणून भिंतीवर लावलं नाही.

यंदा मे महिन्यात बायकोला घेऊन आंबेकोंडात गेलो. निवृत्त माणसाला कुणी बोलावलं की जावं, हे मी आता शिकलो आहे. मंगलनं फणसाचे गरे पुढे ठेवले. दिनेश सुट्टीवर घरीच होता. उंच, हसरा, हात सारखे हलते. मला बघून त्यानं मूठ कानाला लावली. मी ओशाळून आबांकडे बघितलं. "अजून तेच नाव का, आबा?"

"नाय ओ, पुरं बघा तरी."

दिनेशनं पुन्हा करून दाखवलं. मूठ कानाला लावली, मग कानापासून काढली, समोर आणली आणि डोळ्यांपुढे धरली. व्हिडिओवर बोलताना धरतात तशी. माझं नाव आता एवढं झालं होतं.

त्यांची मुलगी उंबऱ्याशी बसून गरा चोखत होती. सव्वा वर्षाची असेल. तिला नीट ऐकू येतं, आबांनी तपासून घेतलंय. बायकोनं तिला मांडीवर घेतलं, दोन-तीनदा बोलकं करून बघितलं. पोरीनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. शिक्षिकेच्या काळजीनं बायको मला हळूच म्हणाली, "हिला अजून बोलता येत नाही वाटतं."

पोरगी माझ्याकडे बघत होती. तिनं गऱ्यानं चिकट झालेली मूठ कानाला लावली, मग डोळ्यांसमोर धरली, आणि मी बघत नाही असं वाटून पुन्हा एकदा तसंच केलं.

"बोलते आहे," मी बायकोला म्हणालो. "मला हाक मारते आहे."